हरवलेल्या बाँबफेकी विमानांचा शोध : अनुक्रमांक, दप्तर आणि अवशेष

१. प्रश्नाचे स्वरूप

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समधील बॉम्बर कमांडचे ५५,५७३ विमानसैनिक मृत्युमुखी पडले. युद्ध संपले त्या वेळी रॉयल एअर फोर्सच्या दप्तरी एक्केचाळीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या नावापुढे ‘बेपत्ता’ एवढाच शेरा होता. त्यांचा माग काढण्यासाठी खास शोधपथके युरोपभर हिंडली. निम्म्याहून अधिक व्यक्तींचा छडा त्या पथकांनी लावला, तरीही ज्यांची कबर कोठेच सापडली नाही अशांची संख्या मोठी राहिली. टेम्स नदीकाठी रनिमीड येथे १९५३ मध्ये जे स्मारक उघडण्यात आले, त्यावर ब्रिटन व राष्ट्रकुलातील हवाई दलांच्या अशा वीस हजारांहून अधिक व्यक्तींची नावे कोरलेली आहेत.

या नावांमागे एक ऐतिहासिक प्रश्न उभा आहे. रणांगणावर पडलेला सैनिक निदान कोणत्या भूमीवर पडला हे सामान्यतः ज्ञात असते. रात्री शेकडो मैलांचा प्रवास करणाऱ्या विमानाच्या बाबतीत तेवढेही ज्ञात नसते. विमान एका तळावरून निघाले आणि परत आले नाही, एवढेच दप्तर निश्चयाने सांगू शकते. पुढे पंधरा, साठ किंवा सत्याहत्तर वर्षांनी वाळवंटात, डोंगरात अथवा तलावाच्या तळाशी धातूचे अवशेष हाती येतात, आणि ते कोणत्या विमानाचे, त्यात कोण होते, ते तेथे कसे पोहोचले, असे तीन प्रश्न एकदमच उपस्थित होतात. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच प्रकारच्या साधनातून मिळत नाहीत. कोणत्या प्रश्नाला कोणते साधन प्रमाण मानावयाचे याचा विवेक सुटला म्हणजे काय घडते, हे तीन प्रकरणांच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

२. अनुक्रमांकाची व्यवस्था

विमानाची ओळख सांगणारी चिन्हे अनेक असतात, पण त्यांचे मूल्य सारखे नसते. ब्रिटिश लष्करी विमानांना अनुक्रमांक देण्याची पद्धत १९१२ पासून चालू झाली. प्रारंभी केवळ अंक होते. पुढे एक अक्षर व त्यापुढे अंक, आणि ती मालिका १९४० मध्ये संपत आल्यावर दोन अक्षरे व तीन अंक, अशी रचना आली. युद्धकाळात या मालिकेत मुद्दाम रिकाम्या जागा सोडण्यात येत. एखाद्या पाडलेल्या विमानाचा क्रमांक वाचून शत्रूला एकूण उत्पादनाचा अंदाज बांधता येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. त्यामुळे दोन क्रमांकांमधील अंतरावरून त्यांच्या दरम्यान किती विमाने बांधली गेली, हे सांगता येत नाही.

अनुक्रमांकाव्यतिरिक्त विमानाच्या अंगावर मोठी सांकेतिक अक्षरे रंगविलेली असत. त्यांपैकी सामान्यतः पहिली दोन स्क्वाड्रनची व तिसरे त्या स्क्वाड्रनमधील विशिष्ट विमानाचे असे. छायाचित्रात हीच अक्षरे प्रथम डोळ्यांत भरतात, आणि सैनिकांच्या आठवणींतही विमान याच अक्षरांनी ओळखले जाते. परंतु ही अक्षरे यंत्राची नसून जागेची निदर्शक होत. एक विमान नष्ट झाले की तेच अक्षर त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या विमानाला मिळे, आणि तेच विमान दुसऱ्या स्क्वाड्रनमध्ये गेले की त्याची अक्षरे बदलत. लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात असलेले ‘आर ५८६८’ क्रमांकाचे लँकेस्टर विमान ८३ व्या स्क्वाड्रनमध्ये ‘क्यू’ या अक्षराने वावरले आणि ऑस्ट्रेलियाच्या ४६७ व्या स्क्वाड्रनमध्ये गेल्यावर ‘एस’ झाले. अक्षर ही पदवी आहे आणि अनुक्रमांक हे व्यक्तिनाम आहे, असे म्हटल्यास फारशी चूक होणार नाही. ‘पेशवा’ एवढ्याच शब्दावरून पत्राचा काळ ठरवू पाहणाऱ्याची जी फसगत होईल, तीच केवळ सांकेतिक अक्षरावर विसंबणाऱ्याची होते.

अमेरिकन पद्धत निराळी होती. तेथे ज्या आर्थिक वर्षाच्या तरतुदीतून विमानाची मागणी नोंदविली गेली, त्या वर्षाचे शेवटचे दोन अंक प्रथम येत व नंतर त्या वर्षातील क्रम येई. ४१-२४३०१ याचा अर्थ १९४१ च्या तरतुदीतील २४,३०१ वे यान असा होतो. शेपटीवर हाच क्रमांक रंगविताना दशकाचा अंक गाळण्यात येई. त्यामुळे हे विमान प्रत्यक्षात १२४३०१ असे वाचले जाई. ही प्रथा ठाऊक नसल्यास शेपटीवरचा क्रमांक व दप्तरातील क्रमांक एकच असल्याचे ध्यानी येत नाही.

याखेरीज विमानाच्या सुट्या भागांवरही क्रमांक असतात. भागांवर ठोकलेला आरेखन-क्रमांक विमानाचा प्रकार सांगतो, परंतु त्या प्रकारच्या हजारो यंत्रांपैकी हे कोणते, ते सांगत नाही. इंजिनाचा क्रमांक एकमेव असतो, पण इंजिने बदलली जातात. एका विमानाचे इंजिन दुरुस्तीनंतर दुसऱ्या विमानावर चढविलेले असणे अगदी सामान्य होते. म्हणून इंजिनाच्या क्रमांकावरून विमान ठरवावयाचे झाल्यास ते इंजिन शेवटी कोणत्या विमानावर बसविले होते, याची स्वतंत्र नोंद मिळवावी लागते.

३. दप्तरांचे प्रकार व त्यांची प्रामाण्यकक्षा

ब्रिटिश बाजूस यंत्राचा इतिहास व माणसांचा इतिहास दोन वेगळ्या कागदांत विभागलेला आहे. ‘फॉर्म ७८’ हे यंत्राचे स्थानांतर-पत्रक होय. कारखान्यातून विमान केव्हा बाहेर पडले, कोणत्या तुकडीकडे गेले, दुरुस्तीस केव्हा पाठविले आणि शेवटी हिशेबातून केव्हा वगळले, हे त्यात संक्षेपाने नोंदलेले असते. ‘फॉर्म ५४०’ व ‘फॉर्म ५४१’ ही स्क्वाड्रनची कार्यवृत्ते होत. त्यांत त्या त्या रात्री कोणते विमान कोणत्या माणसांसह किती वाजता निघाले व परतले, हे असते. ही दोन्ही दप्तरे एकमेकांवर ताडून पाहिल्यावाचून निष्कर्ष काढता येत नाही, कारण रात्रभराच्या जागरणानंतर लिहिलेल्या कार्यवृत्तात अनुक्रमांकाचा एखादा अंक चुकलेला सापडणे दुर्मीळ नाही.

अमेरिकन हवाई सेनेने १९४३ मध्ये ‘बेपत्ता विमानदल-अहवाल’ नावाचे एक स्वतंत्र पत्रक सुरू केले. त्यात विमानाचा अनुक्रमांक, इंजिनांचे क्रमांक, मशीनगनांचे क्रमांक, हवामान, विमान शेवटी कोठे दिसले ते स्थळ, आणि आतील प्रत्येक माणसाचे नाव यांसाठी रकाने होते. शेपूट जळून गेली तरी इंजिनावरून किंवा एखाद्या बंदुकीवरून विमान ओळखता यावे, अशी ही दूरदर्शी योजना होती. असे सोळा हजारांहून अधिक अहवाल उपलब्ध आहेत. जर्मनांच्या बाजूनेही त्यांच्या प्रादेशिक हवाई विभागांनी पाडलेल्या विमानांचे अहवाल लिहिले. ते लिहिणाऱ्यांनी अवशेष प्रत्यक्ष पाहिलेले असल्याने त्यांचे मोल मोठे आहे, मात्र विमान जळून गेलेले असल्यास क्रमांक वाचण्यात त्यांचीही चूक होई.

कालगणनेचाही एक प्रश्न आहे. रात्रीची मोहीम एका तारखेस निघून दुसऱ्या तारखेस परतते, म्हणून ब्रिटिश दप्तरात ती ‘२९/३० मार्च’ अशी जोडतारखेने लिहिली जाते. नुकसान मध्यरात्रीपूर्वी झाले की नंतर, हे ठाऊक नसल्यास वेगवेगळ्या कागदांत एकाच घटनेच्या दोन तारखा येतात. सूर्योदयापासून दिवस मोजणाऱ्या जुन्या मराठी पत्रांची इंग्रजी तारीख काढताना जी दक्षता घ्यावी लागते, तीच येथेही घ्यावी लागते.

या सर्व कागदांविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विमान कोणते, त्यात कोण होते, ते केव्हा निघाले, हे कार्यवृत्ताचा लेखक प्रत्यक्ष ज्ञानाने लिहितो. ते कोठे व कसे नष्ट झाले, हे मात्र तो अनुमानाने लिहितो. दोन्ही विधाने एकाच पानावर, एकाच शाईने व एकाच निश्चयाच्या सुरात येतात. राजवाडे यांच्यापासून मराठी इतिहाससंशोधनाने बखरीपेक्षा समकालीन पत्रास अधिक मान देण्याचा दंडक घालून दिला, आणि तो योग्यच आहे. परंतु समकालीन असणे आणि प्रत्यक्षदर्शी असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत, हे या कागदांवरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

४. ‘लेडी बी गुड’ : क्रमांक खरा, अनुमान खोटे

दिनांक ४ एप्रिल १९४३ रोजी लिबियातील सोलुक येथील तळावरून अमेरिकेच्या ३७६ व्या बॉम्बार्डमेंट ग्रूपची पंचवीस बी-२४ विमाने इटलीतील नेपल्स बंदरावर हल्ला करण्यासाठी निघाली. त्यांत ४१-२४३०१ क्रमांकाचे ‘लेडी बी गुड’ हे विमान होते. त्यातील नऊ जणांच्या दलाची ही पहिलीच मोहीम होती. वाळूच्या वादळी वाऱ्यात उड्डाण करावे लागल्याने विमाने विखुरली. ‘लेडी बी गुड’ उशिरा निघाले आणि परतीचा प्रवास त्याला अंधारात एकट्याने करावा लागला. मध्यरात्रीनंतर त्याने बिनतारी संदेशाने किनाऱ्यावरील केंद्राकडे दिशा विचारली. केंद्राने वायव्येची दिशा कळविली. त्यानंतर त्या विमानाचा संदेश आला नाही.

वायव्येस भूमध्य समुद्र आहे. म्हणून विमान समुद्रात कोसळले असावे असे अनुमान झाले, आणि पंधरा वर्षे तेच वस्तुस्थितीच्या जागी राहिले. १९५८ मध्ये तेलाचा शोध घेणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीच्या लोकांना सोलुकच्या आग्नेयेस सुमारे सातशे किलोमीटरवर, लिबियाच्या अंतर्भागातील वाळवंटात एक विमान पडलेले आकाशातून दिसले. १९५९ च्या प्रारंभी भूमापक तेथे पोहोचले व त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकन लष्करी पथक आले. विमान मधोमध मोडलेले असले तरी पुष्कळसे शाबूत होते. मशीनगना चालत होत्या आणि रेडिओही चालण्याच्या स्थितीत होता. शेपटीवरील क्रमांक दप्तराशी जुळताच नऊ माणसांची नावे निश्चित झाली. विमानात मात्र एकही माणूस नव्हता आणि एकही पॅराशूट नव्हते.

अनुमान कोठे चुकले याचा उलगडा आता होऊ शकला. त्या केंद्राचे दिशादर्शक यंत्र विमान कोणत्या रेषेवर आहे हे सांगत होते, पण त्या रेषेच्या कोणत्या अंगास आहे हे त्यावरून निश्चित होत नव्हते. विमान समुद्रावरून येत आहे असे गृहीत धरून वायव्य दिशा सांगण्यात आली. वस्तुतः विमान तोपर्यंत किनारा ओलांडून आग्नेयेस गेलेले होते, हेच या घटनेचे सामान्यतः मान्य झालेले स्पष्टीकरण आहे. आपण अजून समुद्रावरच आहोत अशा समजुतीने वैमानिक पुढे जात राहिला. इंधन संपत आले तेव्हा रात्री दोनच्या सुमारास सर्वांनी पॅराशूटने उड्या घेतल्या. निर्मनुष्य विमान तसेच पुढे गेले व वाळूवर पोटावर उतरले.

फेब्रुवारी १९६० मध्ये विमानापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पाच जणांचे अवशेष सापडले. त्यांत सहवैमानिकाची रोजनिशी होती. तिच्यातील शेवटची नोंद १२ एप्रिलची आहे. आठ माणसे अर्ध्या भरलेल्या एका पाण्याच्या बाटलीवर उत्तरेकडे चालत राहिली. पाच जण एका जागी थांबले आणि तिघे मदत आणण्यासाठी पुढे गेले. त्या तिघांपैकी दोघांचे अवशेष मे १९६० मध्ये आणखी उत्तरेस मिळाले. ज्याचे पॅराशूट नीट उघडले नाही त्या नवव्या माणसाचे अवशेष ऑगस्टमध्ये हाती आले. एकाचा अधिकृतपणे कधीच पत्ता लागला नाही. विमानाचे अवशेष १९९४ मध्ये लिबियातील एका लष्करी तळावर हलविण्यात आले.

दप्तराने ज्या रात्री या दलाचा शेवट मानला, त्या रात्रीनंतर त्यातील काही माणसे किमान आठ दिवस जिवंत होती, हे या प्रकरणातील सर्वांत गंभीर तथ्य होय. त्या आठ दिवसांत वाळवंटाकडे पाहण्याचे कारण कोणाला दिसले नाही, कारण समुद्राचे अनुमान आधीच पक्के झालेले होते. १९५९ मध्ये क्रमांकाने माणसांची नावे दिली, ती बिनचूक होती. परंतु नावे मिळाल्यानंतरही ती माणसे कोठे गेली हे क्रमांकाला सांगता येत नव्हते. ते केवळ प्रत्यक्ष अनुभवणाऱ्याच्या हातच्या रोजनिशीने सांगितले.

५. मार्करमीरमधील स्टर्लिंग : क्रमांकच अनुमानित

दुसरे प्रकरण याच्या उलट जातीचे आहे. नेदरलँड्समधील मार्करमीर या विस्तीर्ण तलावात २००८ मध्ये एका बचावनौकेच्या नांगराला धातूचा एक तुकडा अडकून वर आला. तो शॉर्ट स्टर्लिंग या चार इंजिनांच्या ब्रिटिश बाँबफेकी विमानाचा असल्याचे निष्पन्न झाले. त्या पाण्याच्या परिसरात अनेक विमाने पडली होती. कोणत्या रात्री कोणती स्टर्लिंग विमाने परत आली नाहीत, आणि त्यांतील कोणत्या विमानांचे अवशेष पूर्वी सापडलेले नाहीत, याची यादी करून उरलेल्या नावांतून निवड करणे भाग पडले. या पद्धतीने ते विमान ‘बीके ७१०’ असल्याचे प्रथम मानण्यात आले. पुढील तपासात हे मत मागे घ्यावे लागले आणि ते ‘बीके ७१६’ असल्याचा निर्णय झाला.

क्रमांकांत केवळ सहाचे अंतर, पण माणसांच्या दृष्टीने ते अंतर संपूर्ण आहे. ‘बीके ७१६’ हे २१८ व्या स्क्वाड्रनचे विमान २९/३० मार्च १९४३ च्या रात्री इंग्लंडमधील डाउनहॅम मार्केट येथून बर्लिनवरील हल्ल्यासाठी निघाले होते. त्यात सात जण होते. क्रमांक चुकीचा ठरला असता तर सात कुटुंबांना त्यांचा माणूस सापडल्याची खोटी वार्ता गेली असती आणि ज्या सात कुटुंबांचा खरा संबंध होता ती अंधारातच राहिली असती. एकाच जातीच्या दोन विमानांचे सांगाडे सारखेच दिसतात. म्हणून अशा ठिकाणी यंत्राच्या सामान्य भागांपेक्षा अपवादात्मक वस्तू निर्णायक ठरतात. या अवशेषांत आद्याक्षरे कोरलेली एक सिगारेटची डबी मिळाली होती. दलाच्या नामावळीवर अशी आद्याक्षरे ताडून पाहता येतात, आणि कारखान्याच्या ठशाने जे सिद्ध होत नाही त्याला एका खासगी वस्तूचा आधार मिळतो. २०२० मध्ये तलावाचा तो भाग बंदिस्त करून अवशेष वर काढण्यात आले. हे काम नेदरलँड्स सरकारने २०१९ पासून हाती घेतलेल्या विमान-उत्खननाच्या राष्ट्रीय योजनेचा भाग होते.

वगळत वगळत निश्चय करण्याच्या पद्धतीतील उणीव येथे दिसून येते. यादी पूर्ण आहे आणि ‘पूर्वी सापडले’ म्हणून बाजूस काढलेली विमाने खरोखरच सापडलेली आहेत, या दोन गृहीतकांवर ती पद्धत उभी असते. त्यांपैकी एक जरी ढळले तरी सर्व तर्कशुद्ध पायऱ्या चढून संशोधक चुकीच्या दारी पोहोचतो.

६. दमरोहचे बी-२४ : क्रमांक मिळाला, माणसे शेष

तिसरे प्रकरण भारतातील आहे. ब्रह्मदेशाचा रस्ता बंद झाल्यावर चीनला रसद पोहोचविण्यासाठी आसामातून हिमालयाच्या पूर्व टोकावरून हवाई मार्ग चालू झाला. वैमानिक त्यास ‘हंप’ म्हणत. चीनमध्ये असलेल्या ३०८ व्या बॉम्बार्डमेंट ग्रूपला स्वतःच्या मोहिमांसाठी लागणारे इंधन व बाँबही स्वतःच्याच विमानांनी या मार्गाने आणावे लागत. २५ जानेवारी १९४४ रोजी ४२-७३३०८ क्रमांकाचे, ‘हॉट अ‍ॅज हेल’ या नावाचे बी-२४ विमान आठ जणांसह कुन्मिंगहून आसामातील चबुआकडे निघाले आणि पोहोचले नाही. त्या दिवशी हवामान अत्यंत प्रतिकूल होते आणि या मार्गावर याच जातीची आणखीही विमाने नष्ट झाली. त्यामुळे डोंगरात बी-२४ चे अवशेष मिळाले एवढ्यावरून ते कोणते, हे ठरणे शक्य नव्हते.

२००६ मध्ये एक अमेरिकन गिर्यारोहक स्थानिक वाटाड्यांसह अरुणाचल प्रदेशातील दमरोहजवळच्या डोंगरातील या अवशेषांपर्यंत गेला, आणि विमानाची ओळख दप्तराशी जुळविता आली. वॉशिंग्टनच्या कागदांत जे स्थळ नव्हते ते त्या डोंगरांतील शिकाऱ्यांच्या पायांखालचे होते. दोन ज्ञानांची गाठ पडावयास बासष्ट वर्षे लागली, कारण डोंगरात राहणाऱ्यांपाशी क्रमांकाचा अर्थ सांगणारे दप्तर नव्हते आणि दप्तर बाळगणाऱ्यांपाशी डोंगर नव्हता. २०१५ मध्ये अमेरिकन पथकाने तेथे उत्खनन केले. एप्रिल २०१६ मध्ये मिळालेले मानवी अवशेष नवी दिल्ली येथे समारंभपूर्वक स्वाधीन करून अमेरिकेस पाठविण्यात आले. पुढे शास्त्रीय तपासणीतून त्यांपैकी एकाची ओळख पटली आणि २०१७ मध्ये त्याचे त्याच्या गावी दफन झाले. या मार्गाच्या स्मरणार्थ पासीघाट येथे २०२३ मध्ये संग्रहालय उघडण्यात आले आहे.

आठांची नावे अनुक्रमांकाने एका क्षणात दिली. त्यांपैकी हाडांचा कोणता तुकडा कोणाचा, हे सांगण्याचे सामर्थ्य अनुक्रमांकात नव्हते. यंत्राची ओळख सामुदायिक असते, मृत्यूची ओळख व्यक्तिगत असावी लागते, आणि त्यासाठी साधनही निराळे लागते.

७. निष्कर्ष

या तीन प्रकरणांतून एक पद्धतशीर क्रम हाती येतो. प्रथम अवशेषांवरील क्रमांक स्वतंत्रपणे, दप्तराकडे न पाहता वाचावा. जो क्रमांक अपेक्षित असतो तोच पुसट धातूवर दिसू लागतो, हा मनाचा धर्म आहे. दुसरे, तो क्रमांक यंत्राचा आहे, भागाचा आहे की पदाचा, हे ठरवावे. तिसरे, यंत्राचे पत्रक व माणसांचे कार्यवृत्त परस्परांवर तपासावे आणि शक्य तेथे शत्रुपक्षाचा कागदही पाहावा. चौथे, प्रत्येक नोंदीतील वाक्ये वेगळी करून कोणते लेखकाला ठाऊक होते व कोणते त्याला वाटले, याची दोन सदरे करावीत. ‘लेडी बी गुड’च्या दप्तरातील पहिल्या सदरातले काहीही कधी खोटे ठरले नाही, दुसऱ्या सदरातले मात्र वाळवंटाने खोडून काढले.

अनुक्रमांक हा कारखान्याच्या व हिशेबनिसाच्या सोयीसाठी निर्माण झाला. कोणी त्यावरून कबरी शोधील, असा विचार तो ठोकणाऱ्याच्या मनात नव्हता. त्याची साक्ष विश्वसनीय वाटते ती याच कारणाने. ती कोणाची बाजू घेत नाही आणि तिला काही लपवावयाचे नसते. परंतु तिची मर्यादाही तेथेच आहे. विचारलेल्या एकाच प्रश्नाचे उत्तर ती देते. उरलेल्या प्रश्नांसाठी रोजनिशी, डबीवरची आद्याक्षरे, शिकाऱ्याची वाट आणि प्रयोगशाळेतील तपासणी यांना साक्षीस बोलवावे लागते. रनिमीडच्या भिंतीवरील नावांपैकी काहींच्या पुढे अजूनही स्थळ लिहावयाचे आहे. ते लिहिताना घाईने केलेले अनुमान पुन्हा एकदा दप्तरात शिरू न देणे, ही संशोधकाची त्या माणसांप्रती असलेली जबाबदारी होय.